‘बॉबी’ घेऊन उद्यमनगरात

कोल्हापूरला जाणारा शेतकरी सहसा तीन ठिकाणे करतो. आधी अंबाबाईचे दर्शन, मग शाहू मार्केट यार्ड, आणि एस.टी.ला वेळ असला तर रंकाळा. ज्याचे इंजिन बसले आहे, पंपाचा शाफ्ट वाकला आहे किंवा चरकाचा दात तुटला आहे, त्याला मात्र चौथे ठिकाण करावे लागते. ते म्हणजे शिवाजी उद्यमनगर. तिथे देऊळ नाही, तळे नाही, बसायला बाकही नाही. पाहुण्यांना कोणी तिकडे मुद्दाम नेत नाही. माझ्या मते कोल्हापुरात बघण्यासारखे जे काही आहे त्यात उद्यमनगराचा नंबर फार वरचा लागतो.

राजारामपुरीच्या बाजूने आत शिरलात की रस्ता अरुंद होतो आणि आवाज बदलतो. एका दारात लेथ फिरत असते, दुसऱ्या दारात ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात, तिसऱ्या दारात कोणी पोरगा रॉकेलच्या घमेल्यात गिअर धूत बसलेला असतो. पायाखाली लोखंडाचा कीस असतो, म्हणून चपला घालून येणाऱ्याने जरा जपून चालावे. पाट्या लहान, अक्षरे तेलकट. कोणी फक्त क्रँक दुरुस्त करतो, कोणी फक्त बोअर मारतो, कोणी फक्त आटे पाडतो. एकाच्या दुकानातले काम दुसऱ्याच्या दुकानात आणि तिथून तिसऱ्याच्या दुकानात सायकलवरून जाते. सगळी गल्ली मिळून एक कारखाना आहे म्हणा ना.

हे सगळे उभे राहिले ते शेतीच्या जिवावर. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस आला, उसाबरोबर गुऱ्हाळे आली, गुऱ्हाळाबरोबर चरक आणि ऑइल इंजिने आली. नदीचे पाणी उचलायला पंप आले. इंजिन बिघडले तर मुंबईला पाठवणे परवडणारे नव्हते. म्हणून इथल्याच लोहार-सुतारांच्या पोरांनी ती उघडली, समजून घेतली आणि पुढे नवी घडवली. म्हादबा मेस्त्रींचे नाव इथे आजही आदराने घेतात. याच गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला होता, आणि १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. परदेशी यंत्र बघायचे आणि म्हणायचे, ‘ह्यात काय हाय? आपुन बी करू’, ही या मातीची खोडच आहे. पुढे मोठे कारखाने शिरोलीला आणि गोकुळ शिरगावला गेले, पण किरकोळ आणि कुशल काम अजून उद्यमनगरातच होते.

माझे तिकडे जाणे झाले ते एका फटफटीमुळे. माझी नोकरी पंचायत समितीत, कृषी विस्तार अधिकाऱ्याची. भुदरगड तालुक्यात गारगोटीच्या वरच्या अंगाला, वेदगंगेच्या काठी एक घर आहे. नाव सांगत नाही, कारण त्यांच्या घरचा विषय आहे. त्या घरच्या आबांनी १९७६ साली गुळाच्या पट्टीतून एक छोटी मोटारसायकल घेतली होती, राजदूत जीटीएस. ‘बॉबी’ हा राज कपूरांचा सिनेमा १९७३ साली आला, त्यात ऋषी कपूर ज्या ठेंगण्या गाडीवर डिंपलला घेऊन फिरतो तीच ही. त्यामुळे कंपनीने काहीही नाव दिलेले असो, लोकांनी तिला ‘बॉबी’च म्हटले.

तरुण वाचकांना राजदूत माहीत नसेल, म्हणून थोडे सांगतो. एस्कॉर्ट्स कंपनीची ही गाडी मुळात पोलंड देशातल्या एका मोटारसायकलच्या नमुन्यावर बनलेली. टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर, १७३ सी.सी. रस्ता असो नसो, मागे दुधाच्या किटल्या बांधा, पेंडीचे पोते टाका, ती चालणार. खेड्यातल्या दूधवाल्यांनी आणि डॉक्टरांनी तिचे नाव केले. ‘बॉबी’ म्हणजे त्याच थोरल्या राजदूतचे इंजिन एका बुटक्या चौकटीत बसवलेले. दिसायला शिंगरू आणि ताकद घोड्याची. शेतकऱ्याला तिचा उपयोग तसा कमीच होता, खरे सांगायचे तर ती हौसेची चीज होती. आबांनी ती का घेतली असे मी काकींना एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “त्या वर्षी गूळ चांगला गेला. मला पाटल्या केल्या, आन् सोताला ही.”

आबा १९९८ साली अंथरुणाला खिळले तेव्हापासून गाडी गोठ्याच्या माळ्याखाली उभी होती. २००९ साली आबा गेले. मग दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीच्या पाण्याचे दिवस वाटले. फटफटीचे काय करायचे हे ठरले नाही, आणि पुढे बांधावरून दोघांचे वाजले ते असे, की गेली सहा वर्षे दोघे एका विहिरीवर येतात पण एकमेकांशी बोलत नाहीत. भंगारवाल्याने गाडीचे तीन हजार सांगितले होते. मग पुण्याचा एक शौकीन गृहस्थ आला, त्याने आहे त्या स्थितीत पन्नास हजार देऊ केले. थोरल्याला विकायची होती, कारण त्याला ठिबकचा हप्ता भरायचा होता. धाकट्याला ती चालू करायची होती. आणि कागद अजून आबांच्याच नावावर! वारसाच्या नावावर गाडी करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. विकायची म्हटले तरी आधी तेच. म्हणजे थोरल्याच्या सहीशिवाय धाकट्याचे चालेना, आणि धाकट्याच्या सहीशिवाय थोरल्याचे.

काकींनी तोडगा काढला. मला बोलावून म्हणाल्या, “सायेब, गाडी आधी चालू हूं दे. खर्च माझ्या गाठीच्या पैशातनं. तीस हजाराच्या वर एक पैसा न्हाई. मग इकायची का ठेवायची त्ये माझ्या म्होरं दोघांनी बसून ठरवायचं.” मला माती परीक्षणाचे नमुने घेऊन कोल्हापूरला जायचेच होते. धाकट्याने पिकअप ठरवली, मागे गाडी आडवी बांधली आणि आम्ही निघालो.

गारगोटी ते कोल्हापूर हा पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. गारगोटी ओलांडताना मौनी विद्यापीठ लागते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जे. पी. नाईकांनी खेड्यातल्या मुलांसाठी ते उभे केले. पुढे मुदाळ तिट्टा, मग बिद्री, दूधगंगेचा पूल. गळिताचे दिवस असले की बिद्रीच्या कारखान्याजवळ उसाच्या ट्रॅक्टरांची रांग आणि मळीचा वास गाडीच्या काचा लावल्या तरी आत येतो. इस्पुर्ली, कात्यायनी करत कळंब्याला आलो की कोल्हापूर आलेच. सारा रस्ता उसाचा. धाकटा मात्र पुढे बघतच नव्हता. दर पाच मिनिटांनी मागे वळून दोरी सैल झाली का ते पाहायचा.

उद्यमनगरातले मेस्त्री सत्तरीच्या पुढचे. बनियन, कानावर पेन्सिल, नाकावर घसरलेला चष्मा. गाडीभोवती एक चक्कर मारली, किकवर हाताने दाब दिला. किक हलेना. धाकटा म्हणाला, “मी दोन-चार जोरात मारून बगितल्या मेस्त्री.” मेस्त्री म्हणाले, “मारू नगंस. हिला काय झालं न्हाई. झोपलीया नुसती. झोपलेल्या माणसाला लाथ घालून उठवतात व्हय?”

बंद पडलेल्या इंजिनाचा पिस्टन सिलिंडरला गंजाने धरतो. मेस्त्रींनी प्लग काढला, त्या भोकातून डिझेल ओतले आणि म्हणाले, “परवा या.” नेमके हेच शहाणपण पुष्कळांना नसते. अडकलेल्या इंजिनाला जोर लावला की पिस्टन सुटत नाही, रिंगा तुटतात आणि सिलिंडरला ओरखडा जातो. डिझेल तीन दिवस मुरले. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे-मागे, पुढे-मागे हलवले. दहा-पंधरा मिनिटांनी एकदम कुरकुरून आतून काहीतरी सुटले. मेस्त्री काही बोलले नाहीत. चहा सांगितला.

इंजिन उघडल्यावर सिलिंडर बोअरवाल्याकडे गेला. तिथे काम करणारे गृहस्थ मेस्त्रींपेक्षाही वयस्क. गेज आत घालून त्यांनी वर, मध्ये आणि खाली अशी मापे घेतली. सिलिंडर झिजतो तो सगळीकडे सारखा नाही; वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि गोलाचा लंबगोल होतो. आतून अर्धा मिलिमीटर वाढवून घ्यावा लागला, म्हणजे पिस्टनही तेवढाच मोठा. थोरल्या राजदूतचे पिस्टन आणि रिंगा अजून मिळतात, इंजिन तेच असल्याने आमचे काम भागले. टू-स्ट्रोकच्या पिस्टनला रिंगेच्या खाचेत बारीक खिळा असतो, रिंगेचे तोंड त्या खिळ्यावरच बसले पाहिजे. नाहीतर रिंग फिरते, तिचे टोक सिलिंडरच्या खिडकीत अडकते आणि नव्या कामाची माती होते. मेस्त्रींनी ते धाकट्याकडूनच बसवून घेतले, दोनदा काढायला लावून.

त्या बोअरवाल्या म्हाताऱ्याला मी विचारले, “तुमच्यामागे हे कोण बघणार?” ते म्हणाले, “पोरगा पुण्यात कंपनीत हाय. तितं मशीनच सगळं बगतंय.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. गल्लीत फिरताना मी मोजले, ज्या दुकानांत मी डोकावलो त्यांतल्या निम्म्या ठिकाणी हत्यार हातात धरणारा माणूस साठीच्या पुढचा होता. आपल्या पंपांची, पेरणी यंत्रांची, मळणी यंत्रांची दुरुस्ती याच हातांवर आहे हे शेतकऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आय.टी.आय. झालेला मुलगा घरात बसून असेल तर वर्षभर अशा माणसाच्या हाताखाली घालायला हरकत नाही. पगार थोडा मिळेल, पण माप घेणारा हात तयार होईल.

कार्ब्युरेटर उघडला तेव्हा आत जुन्या पेट्रोलचा डिंक जमलेला. जेट नावाचा पितळी तुकडा असतो, त्याच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल येते. ते बुजले होते. धाकट्याने तार उचलली, तर मेस्त्रींनी त्याच्या हातावर फटका मारला. घोड्याच्या शेपटीचा केस आणि पेट्रोल, एवढ्यावरच ते साफ केले. माझ्या लक्षात आले की फवारणी पंपाबद्दल मी गावोगाव हेच सांगत फिरतो! नोझल खिळ्याने टोकरू नका, भोक मोठे होते, थेंब जाड पडतो आणि औषध वाया जाते. भोकाचे शास्त्र सगळीकडे एकच.

पॉइंट घासून ०.४ मिलिमीटर अंतर ठेवले, कंडेन्सर नवा टाकला. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते, ते सगळे नवे करावे लागले. टाकीत गंज होता. त्यात लिंबूसत्वाचे पाणी दोन दिवस ठेवले, मूठभर नट टाकून खळखळवले, सोड्याच्या पाण्याने धुतले आणि लगेच सुकवून तेल फिरवले. पावसाच्या मुलखातली गाडी, टाकी ओली राहिली तर रात्रीत पुन्हा गंज धरतो. सायलेन्सरमध्ये इतकी काजळी होती की फुंकर मारली तर पलीकडे जाईना. ती आतली नळी आम्ही गावी आणून गुऱ्हाळाच्या चुलवाणात भाजली. ते काम घरच्या चुलीवर करू नये, धूर फार घाणेरडा असतो.

पेट्रोलचे मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ते आपल्या शेतापाशी येऊन थांबते. २०२५ पासून देशभर पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. हे इथेनॉल बरेचसे उसाचे आणि धान्याचे. आपला ऊस टाकीत जातो याचा आनंदच आहे, कारखान्याला त्यातून पैसा मिळतो. पण ५० वर्षांपूर्वीची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी तळाशी बसते आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. जुने रबर फुगते किंवा मऊ पडते. मेस्त्रींनी पेट्रोलची नळी आणि कार्ब्युरेटरमधली रबरे नव्या जातीची घातली, आणि मिश्रण जरा दाट व्हावे म्हणून सुई एक खाच वर घेतली. सांगून ठेवले की पंधरा दिवसांवर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करायचे. ज्यांच्याकडे जुनी लूना, राजदूत, येझदी किंवा पेट्रोलवर चालणारा जुना फवारणी पंप असेल त्यांनीही हेच करावे. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते, कारण मिश्रण क्रँकच्या पेटीतून जाते आणि तिथल्या बेअरिंगला दुसरे वंगण नसते. मेस्त्रींनी लिटरला ४० मिलिलिटर टू-टी तेल सांगितले, आणि पहिल्या टाकीला ५०.

तिसऱ्या खेपेला गाडी चालू करायची होती. मी नमुन्यांचे अहवाल घ्यायला गेलो होतो, आणि धाकट्याबरोबर पिकअपमध्ये काकी. त्यांच्या मागून, एस.टी.ने, थोरलाही आला. त्याला कोणी बोलावले नव्हते. “बियाणं बगायला आलतो,” असे तो मला म्हणाला. उद्यमनगरात बियाणे मिळत नाही!

धाकट्याने किक मारली. एक, दोन, पाच. नुसता फसफस आवाज. मेस्त्रींनी प्लग काढून पाहिला, पुसला, परत लावला. पुन्हा किक. गाडी घेईना. तेव्हा भिंतीला टेकून उभा असलेला थोरला म्हणाला, तोही गाडीकडे बघत, “आबा आधी बोटानं कार्बोरेटरचं टिकलर दाबायचे. प्याट्रोल वघळंपर्यंत. मग निम्मी किक, मग पुरी.” बरीच वर्षे आबांच्या मागे बसून दूध डेअरीला तोच जायचा. धाकटा तेव्हा लहान होता. धाकट्याने टिकलर दाबले, बोटावर पेट्रोल आले. निम्मी किक. पुरी किक. गाडीने धुराचा एक लोट सोडला आणि सुरू झाली. टू-स्ट्रोकचा तो टणटण आवाज ऐकून शेजारच्या तीन दुकानांतली माणसे हत्यारे हातात घेऊनच बाहेर आली. काकींनी पदर नाकाला लावला. धुराने की कशाने, ते मी विचारले नाही.

पहिली चक्कर कोणी मारायची यावर दोघे थांबले. मेस्त्रींनी वेळ न दवडता स्वतःच बसून गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली.

एकूण खर्च अठ्ठावीस हजार चारशे झाला. टायर आणि क्रँकचे काम यांत निम्मे गेले. रंग लावलेला नाही; काकी नको म्हणाल्या.

आता कागदांचे. साध्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीचा वेगळा नियम केला. तिची पहिली फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि गाडी मूळ रूपात असली पाहिजे. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली किंवा दुरुस्ती अशाच कामाला रस्त्यावर आणायची. शेतकऱ्याच्या घरात हे परवडणारे नाही, निदान मला तरी तसे वाटते. या घराने साधे नूतनीकरण करायचे ठरवले आहे. त्याआधी वारसनोंद. संमतीच्या कागदावर दोघांच्या सह्या गेल्या सोमवारी काकींच्या पुढ्यात झाल्या, मी साक्षीदार होतो. गाडी काकींच्या नावावर करायची असे ठरले. विकण्याचा विषय त्या बैठकीत कोणी काढला नाही. बांधाचाही नाही.

नव्या बोअरला पहिले पाचशे किलोमीटर सावकाश चालवावे लागते. मेस्त्रींनी चाळीसच्या वर वेग न्यायला आणि मागे ओझे बांधायला बंदी केली आहे. त्यानंतर हेडचे नट पुन्हा आवळायला गाडी उद्यमनगरात न्यायची. कागद होईपर्यंत ती डांबरी रस्त्यावर काढायची नाही, म्हणून सध्या घर ते विहीर अशा शेतातल्या वाटेवर तिच्या फेऱ्या चालतात. गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने दोघांचे किलोमीटर वेगवेगळे लिहिलेले आहेत. परवा पाहिले तेव्हा थोरल्याच्या बाजूला एकवीस होते आणि धाकट्याच्या बाजूला एकोणीस.